चारशे वर्षं उशिरा आलेले मालक

"चोर! चोर! धरा त्याला! माझी चक्की चोरली!"

रविवारी भर दुपारी पाणचक्कीच्या आवारात ही आरोळी उठली आणि तिथली झाडून सगळी माणसं आपापले खिसे चाचपायला लागली. एका बाईनं घाईघाईत पर्स पोटाशी घट्ट धरली, तर ती पर्स नव्हतीच, शेजारणीचं पोर होतं. ते भोकाड पसरून रडायला लागलं. हौदातले मासे तळाला जाऊन बसले. फाटकावरचा रखवालदार काठी आपटत धावत आला.

"कौन चोर? किधर गया?"

आमच्या घरमालकांनी बोट समोर रोखलं. समोर दगडी भिंत होती, वरून पडणारं पाणी होतं आणि त्या पाण्यावर फिरणारी जुनी चक्की होती. माणूस कुणीच नव्हता.

"हा!" मालक ओरडले. "ज्यानं हे केलं तो!"

रखवालदारानं पाण्याकडं पाहिलं, मग मालकांकडं पाहिलं. "चच्चा, ये बनानेवाले को जाके तीन-चारसौ बरस हो गए."

"म्हणजे पळाला ना शेवटी!"

झालं होतं असं, की दोन महिने मालक गच्चीवर एक चक्की बनवत होते. गच्चीवरच्या टाकीतून पाणी खाली सोडायचं, वाटेत त्याच्याकडून चाक फिरवून घ्यायचं, चाकाला जातं जोडायचं आणि अंघोळीच्या पाण्यावर घरचं पीठ दळून घ्यायचं. कल्पना शंभर टक्के त्यांची स्वतःची होती. मी शिडी धरून उभा होतो आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "मालक, ही तर आपली पाणचक्कीच झाली की."

"म्हणजे काय?" मालकांनी विचारलं.

तुम्हाला खोटं वाटेल, पण जन्म या शहरात, शाळा या शहरात, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मशीनदुरुस्तीची अख्खी नोकरी, आणि या माणसानं पाणचक्की पाहिली नव्हती. तसं त्यात नवल काही नाही. पाहुणे आले की आम्ही गाडी करून त्यांना वेरूळला नेतो, दौलताबादच्या किल्ल्यावर चढवून घाम काढतो. पण घराजवळची पाणचक्की? जाऊ की कधीतरी, कुठं पळून जातीय! अशानं आमच्याकडं माणसं म्हातारी होतात आणि पाणचक्की न बघता जातात.

म्हणून त्या रविवारी मी त्यांना ती दाखवायला नेलं. परत येताना आम्ही रफिकभाईच्या रिक्षात बसलो. रफिकभाई आमच्याच गल्लीतला, समोरच्या घरातला. मालकांना तो 'इंजिनियरसाब' म्हणायचा आणि मालक ते खरं मानायचे. अर्ध्या रस्त्यात मालक माझ्याकडं वळले.

"भाडेकरू," ते मला म्हणाले, "सहा महिने उशीर झाला असता तर मी समजून घेतलं असतं. पण चारशे वर्षं?"

"क्या करेंगे इंजिनियरसाब," रफिकभाई आरशातून म्हणाला, "अपने शहर में ट्रॅफिकच इतना है."

मालकांचं नाव मी सांगणार नाही. त्यांना आपलं नाव एखाद्या शोधाला लावायचं होतं. मी ते फुकटात एका लेखाला लावलं तर त्यांना खपणार नाही. एवढं सांगतो, की अंगानं काडी आणि खिशानं हत्ती असा तो माणूस होता. वरच्या खिशात टेस्टर, खालच्या खिशात पक्कड, मागच्या खिशात मोजपट्टी, आणि बनियनला आतून एक खिसा शिवून घेतला होता त्यात नटबोल्ट. एकदा जालना रोडवरच्या मॉलमध्ये आम्ही गेलो तर दारातलं यंत्र असं काही केकाटलं की बास. मालकांना सगळं टेबलावर काढायला लावलं. काढून होईपर्यंत मॉलचा पहिला मजला बंद व्हायची वेळ झाली, आणि तेवढ्यात मागून एक गृहस्थ येऊन पाऊण इंची वायसर आहे का विचारून गेले.

घर बघायला गेलो तेव्हा माझी नोकरी कुठं, गाव कोणतं, घरात मटण शिजवता का, यातलं काही त्यांनी विचारलं नाही.

"शिडी धरता येते?"

"येते."

"शॉक बसला तर ओरडता का?"

"ओरडतो की."

"छान. मला कळायला पाहिजे. आणि कौतुक करता येतं?"

मी जरा घुटमळलो.

"शिकवू," मालक म्हणाले आणि किल्ली दिली.

काकू मात्र पक्क्या करमाडच्या. जे बोलायचं ते तोडून बोलायच्या आणि पुन्हा भाजी निवडायला लागायच्या. पहिल्याच दिवशी मला पाणी देताना म्हणाल्या, "आमच्या ह्यांना घरात समदं नवं लागतं. जुनं फकस्त बनियन."

मालकांचं एकच दुःख होतं आणि ते डोंगराएवढं होतं. त्यांना जे सुचायचं ते जगाला आधीच सुचलेलं असायचं. पायानं चालू होणारा नळ त्यांनी काढला. कौतुकानं दवाखान्यात सांगायला गेले तर तिथं डॉक्टर त्याच नळावर हात धूत होते. चाकाची बॅग काढली. ती ओढत स्टेशनवर गेले आणि फलाटावर उतरलेल्या माणसांच्या हातातल्या बॅगा बघून तसेच परत आले. बॅग डोक्यावर घेऊन आले. शेवटी त्यांना वर्तमानपत्राचं भय वाटायला लागलं. रोज सकाळी पान उलटायचं आणि आपला कुठला शोध मेला हे बघायचं, म्हणजे निधनवार्ताच की ती!

मग त्यांनी युक्ती काढली. पेपर आला की आधी काकू वाचणार आणि त्यात कुठं 'शोध लागला', 'यंत्र तयार केलं', 'विद्यार्थ्याची कमाल' असलं काही दिसलं की कात्रीनं तेवढं कापून टाकणार. उरलेला पेपर मालकांना. मालकांनंतर तो माझ्याकडं यायचा. त्या काळात मी जे वर्तमानपत्र वाचलं त्याला खिडक्या होत्या. पेपर वाचता वाचता आरपार गल्लीतलं दिसायचं. मॅच कोण जिंकलं हे मला कळायचं पण कोण हरलं ते कळायचं नाही, कारण ते सौरचुलीच्या पाठीमागं गेलेलं असायचं. एका पुढाऱ्याच्या फोटोला तर मुंडकंच नव्हतं, आणि त्या दिवशी भाषणाची बातमी नेहमीपेक्षा जास्त पटली.

कापलेले तुकडे काकू वाया कशाला घालवतील? त्यांनी ते स्वयंपाकघराच्या फळ्यांवर अंथरले. डब्यांच्या खाली, तिखटाच्या बरणीखाली, चहाच्या किटलीखाली जगातले सगळे शोध ओळीनं पसरलेले. परिणाम असा झाला, की मालकांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकणं सोडलं. चहा हवा असला की बाहेरून डोळे मिटून हात पुढं करायचे.

"लई बेस झालं," काकू म्हणाल्या. "पयल्यांदा कोणता तरी शोध माझ्या कामी आला."

संध्याकाळी गच्चीवर खाट टाकून मालक मला इतिहास सांगायचे. इतिहास म्हणजे राजांचा नाही. ते म्हणायचे, राजे येतात आणि जातात, पायजम्याची नाडी राहते.

"नाडी कुणी काढली, सांगा भाडेकरू! नाही ना माहीत? तो पहिला जमाना. शोध सापडायचा, माणूस सापडायचा नाही. चाक कुणाचं, सुई कुणाची, जातं कुणाचं, काही पत्ता नाही. अडाणी होते बिचारे, नाव टाकून ठेवलं नाही. नाडी काढणारा थोर, आणि आत गेलेली नाडी पिन लावून बाहेर काढणारा त्याहून थोर. दोघांचा पुतळा आहे का कुठं? नाही. मग आला दाढीचा जमाना. एक दाढी, एक खोली, एक स्फोट. बायको बाहेर ताट झाकून बसलेली. आतून माणूस ओरडतो, सापडलं! अख्ख्या गावाला कळतं कुणाला सापडलं. तो खरा जमाना. मी त्यात जन्मायला हवा होतो."

"मग?"

"मग कंपनी आली. कंपनीतला माणूस सकाळी हजेरी लावतो, दुपारी डबा खातो आणि डबा खाता खाता त्याला काही सुचलं तर ते डब्यासकट कंपनीचं. मी मशीनच्या झाकणाला एक खिट्टी लावली होती. बोटं तुटायची थांबली माणसांची. नोटीस बोर्डावर फोटो कुणाचा लागला? मॅनेजरचा. त्याला ती खिट्टी उघडता पण यायची नाही!" इथं मालक विडी शोधायचे, बनियनमधून नटबोल्ट काढून परत ठेवायचे. "आणि आता काय? आता दाढी परत आलीय, पण मागं खोलीच नाही. गालाला वायर चिकटवायची, स्टेजवर इकडून तिकडं फिरायचं आणि म्हणायचं, मी जग बदलतोय. काय केलंस रे बाबा? तर म्हणतो, अजून केलं नाही, आधी टाळ्या वाजवा."

पोळ्यांच्या यंत्राची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. जुन्या लुनाचं इंजिन, मध्ये दोन लाटणी आणि पाठीमागं पंखा. पीठ एकीकडून टाकायचं, पोळी दुसरीकडून यायची. यायची कसली, सुटायची! पहिली पोळी कबुतराच्या पुढं गेली. दुसरी थेट रफिकभाईच्या गच्चीवरच्या डिशवर जाऊन चिकटली आणि त्याच्या टीव्हीवर वर्षभर मुंग्या येत होत्या तिथं एकदम लख्ख चित्र दिसायला लागलं. तो धावत आला. "इंजिनियरसाब, इसको हात नक्को लगाओ! सूख गई तो दूसरी भेज देना."

मालक हवेत होते. आणि त्याच आठवड्यात एका लग्नात, मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला, त्यांना तस्संच यंत्र दिसलं. भटारी निवांत विडी ओढतोय आणि यंत्रातून टपाटपा पोळ्या पडतायत, आणि त्या खालीच पडतायत. मालक पंगतीतून उठले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. जेवेनात, बोलेनात. मुलीच्या बापाला वाटलं वरपक्षाचं कुणीतरी बडं माणूस रुसलं. तो हात जोडत आला, भावकी गोळा झाली, दोन म्हाताऱ्यांनी मालकांच्या हनुवटीला हात लावला आणि शेवटी टॉवेल, टोपी, नारळ देऊन त्यांची समजूत काढली. मी कानात म्हटलं, "मालक, आपण मुलीकडचे." मालकांनी टोपी घातली. म्हणाले, "असू द्या. शोधाबद्दल आजवर मिळालेली ही एवढीच वस्तू."

आता पाण्याचं.

आमच्या संभाजीनगरात नळाला पाणी कधी येतं हे ज्याला बरोबर सांगता येईल त्याला लोक ज्योतिषी म्हणून पाटावर बसवतील. दर गल्लीचा पाण्याचा एक वार असतो आणि तो वार पाळायचा असं पाण्यावर बंधन नसतं. आमच्याकडं लग्नाची तारीख काढताना आधी पाण्याचा वार बघतात, मग पंचांग. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पाणी आलं' असा निरोप पडतो खरा, पण तो शुभ सकाळच्या गुलाबांखाली असा पुरला जातो की उकरून काढेपर्यंत नळ गेलेला असतो. मात्र एक गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत आहे. पाणी यायच्या आधी नळ खाकरतो. पाइपातली हवा पुढं येते आणि नळ एखाद्या म्हाताऱ्यासारखा घसा साफ करतो. तो खाकरला आणि तुम्हाला ऐकू आला, की मोटार लावणाऱ्यांत तुमचा पहिला नंबर.

मालकांनी नळाच्या तोंडाला रबराची एक टोपी बसवली. नळ खाकरला की टोपी फडफडायची, तारेला तार लागायची आणि भाजीच्या गाड्यावर असतो ना तसला कर्णा मालकांच्या आवाजात बोंबलायचा: "पाणी आलं! ऊठ! मोटार लाव!" कर्णा एका भाजीवाल्याकडून आणलेला होता आणि त्याचं जुनं बोलणं काही केल्या पुसलं जात नव्हतं. म्हणून शेवटी एका बाईच्या आवाजात "ताजी मेथी, ताजी मेथी" असंही यायचं.

आणि सांगायचं नवल असं, की ते चाललं! मालकांचं यंत्र, आणि चाललं! आमची गल्ली पलीकडच्या गल्लीच्या आधी पाणी भरायला लागली. पलीकडच्या गल्लीत आमच्याविषयी काय काय बोललं जायचं ते इथं छापता येणार नाही. बाया मालकांच्या घरी वाटीभर भाजी पाठवायला लागल्या. रफिकभाईनं ईदला शीरखुर्म्याचं पातेलंच आणलं. "इंजिनियरसाब, आज तक का सब माफ."

मालक मात्र खंगायला लागले.

"भाडेकरू, हे चालतंय."

"मग चांगलंच की!"

"चांगलं कसलं! चालतंय याचा अर्थ कुणीतरी आधी केलेलं असणार. माझं आजवर जे जे चाललं ते ते आधीच झालेलं निघालं."

मी मोबाइल काढला आणि म्हटलं, आत्ता शोधून सांगतो. त्यांनी झडप घालून माझा हात धरला. "नको! राहू दे तिथंच. जिवंत आहे तोवर आहे."

हे सगळं काकू दारातून ऐकत होत्या. त्यांना गच्ची हवी होती. लग्न झाल्यापासून त्या गच्चीवर कुरडया घालायचं म्हणत होत्या आणि लग्न झाल्यापासून त्या गच्चीवर काही ना काही उघडं करून ठेवलेलं असायचं. त्या म्हणाल्या, "एकदाचं बघून घ्या ना मंग. हे बी जुनं निघालं तर गच्ची माझी. किती वर्सं कुरडया खाटंवर वाळवू?"

मालक ताठ उभे राहिले. खिशातल्या पान्ह्यावर हात ठेवून म्हणाले, "दिला शब्द! हेही आधीच झालेलं निघालं तर हा पान्हा पैठणला नेऊन गोदावरीत सोडतो. पुन्हा स्क्रू पिळणार नाही. कॅलेंडरसुद्धा भिंतीला तू लाव."

मला हसू आलं होतं, पण त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि ते घशातच राहिलं. माणूस खरंच बोलत होता.

तेवढ्यात योग असा, की एका इंजिनियरिंग कॉलेजानं नव्या कल्पनांची स्पर्धा ठेवली. वयाची अट नाही. परीक्षक सिंगापूरहून येणार, आणि कल्पना जगात नवी आहे का हे तो स्वतः तपासून सांगणार. मालक म्हणाले, "मरायचं तर परक्याच्या हातून मरू." मी अर्ज भरला, रफिकभाईनं रिक्षाला हार घातला, आणि नळ, पिंप, पंप, कर्णा असा सगळा सरंजाम घेऊन आम्ही निघालो. काकू आल्या नाहीत. त्या मापानं गहू भिजत घालत होत्या. कुरडयांचे.

कॉलेजचा हॉल गच्च भरला होता. पुढं प्राचार्य, प्रमुख पाहुणे, शालीत गुंडाळलेले दोन-चार मान्यवर. सगळे स्पर्धक पोरंपोरी, गालाला वायर लावलेली. एका चौघांच्या टोळीनं असं ॲप काढलं होतं की ज्यांच्याकडं ते ॲप आहे अशी माणसं त्यातून सापडतात. टाळ्या थांबेनात. मग मालकांचं नाव पुकारलं गेलं. मालक डोक्यावर लग्नातली टोपी घालून स्टेजवर चढले.

परीक्षक तरुण होता, मूळचा सांगलीकडचा, पण शाळेपासून सिंगापुरातच वाढलेला. दाढी होती. मालकांनी दाढीकडं संशयानं पाहिलं.

"सर, तुमची टीम?"

"मी."

"को-फाउंडर वगैरे?"

"बायको आहे. पण ती विरोधी पक्षात आहे."

"ओके. आणि हे प्रॉडक्ट तुम्ही वाढवणार कसं?"

"वाढवायचं कशाला? बरोबर मापात आहे." मालकांनी मोजपट्टी काढून दाखवली.

हॉलमध्ये खसखस पिकली. परीक्षकानं हसून मान हलवली आणि म्हणाला, "बरं सर, चालवून दाखवा."

मालकांनी पंप मारला. पिंपाला जोडलेला नळ खाकरला. टोपी फडफडली. आणि कॉलेजच्या साउंड सिस्टीमचा माइक बरोबर कर्ण्यासमोर होता म्हणून ते शब्द अख्ख्या हॉलमध्ये असे दुमदुमले की छताचा चुना खाली आला:

"पाणी आलं! ऊठ! मोटार लाव!"

पुढं जे झालं ते शपथेवर सांगतो. सगळेच्या सगळे उठले! कुणी विचार केला नाही, कुणी इकडंतिकडं बघितलं नाही. प्रमुख पाहुण्यांची शाल खुर्चीत, पाहुणे दारात. प्राचार्य फोनवर घरी ओरडतायत, "अगं मोटार लाव, आधी वरची टाकी!" ॲपवाली टोळी गालाच्या वायरींसकट एकमेकांत गुंतून खाली पडली आणि पडल्या पडल्या आईला फोन लावायला लागली. चहावाला थर्मास टाकून पळाला. कॉलेजच्या वॉचमननं फाटक सताड उघडून आधी स्वतःची सायकल बाहेर काढली. रफिकभाईनं रिक्षा चालू केली तेव्हा तीत आधीच सात माणसं बसलेली होती आणि त्यातला एक मी.

आणि मालक? मालक स्टेजवरून उडी मारून सगळ्यांच्या पुढं! दारात उभं राहून काकूंना फोन: "अगं मोटार लाव, पाणी आलंय!"

रिक्षा गर्दीत दारापाशीच अडली होती आणि फोनचा स्पीकर चालू होता, म्हणून काकूंचं बोलणं मला ऐकू आलं. "आज आपला वार नाय. आन् मागनं तुमचाच आवाज येतोय की."

मागं रिकाम्या हॉलमध्ये कर्णा बोलत होता, "ताजी मेथी, ताजी मेथी," आणि हजार खुर्च्यांच्या मधोमध तो सिंगापूरचा परीक्षक एकटा बसलेला होता.

मंडळी हळूहळू माना खाली घालून परत आली. प्राचार्यांनी शर्ट खोचला. "सर," परीक्षकानं मालकांना विचारलं, "हे लोक गेले कुठं होते?"

"पाणी भरायला," मालक म्हणाले.

परीक्षकाला काय कळलं देव जाणे, पण तो भारावला होता. म्हणाला, इतक्या वर्षांत एखाद्या यंत्रानं माणसं अशी उठवलेली मी पाहिली नाहीत. त्यानं लॅपटॉप उघडला. मालक खुर्ची घट्ट धरून बसले. त्यांचा दुसरा हात खिशातल्या पान्ह्यावर होता, आणि तो पान्हा इतका थरथरत होता की बनियनमधले नटबोल्ट किणकिणायला लागले. परीक्षक शोधतोय, पान खाली सरकवतोय, कपाळाला आठ्या घालतोय. मग त्यानं कुठल्याशा देशात फोन लावला. मग दुसऱ्या देशात लावला.

"सर," शेवटी तो म्हणाला, "हे जगात कुठंच नाही. तुम्ही पहिले."

"परत सांगा," मालक म्हणाले.

"तुम्ही पहिले."

"यांना सांगा." मालकांनी माझ्याकडं बोट केलं. त्यानं मला सांगितलं. "त्यांना पण सांगा." रफिकभाईला सांगितलं. मग मालकांनी टोपी काढली, तिच्यात तोंड घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

बक्षीस ॲपवाल्या टोळीला मिळालं. मालकांना ते ऐकूसुद्धा गेलं नसावं.

रफिकभाईनं येताना कर्णा रिक्षाच्या टपावर बांधला. अख्ख्या जालना रोडवर तो बोंबलत होता, आणि आमच्या मागं मागं घराघरांत मोटारी सुरू होत गेल्या. लोक बादल्या घेऊन रस्त्यावर आले, त्यांना वाटलं मिरवणूक आहे म्हणून त्यांनी आम्हाला हातसुद्धा केला. गल्लीच्या तोंडाशी मालकांनी जिलेबी घेतली, इतकी की हलवाई आत जाऊन झोपला. गल्ली गोळा झाली. कुणी हार आणला, कुणी फटाके, पलीकडच्या गल्लीतली माणसंसुद्धा भिंतीवरून डोकावत होती. मालकांना खांद्यावर घेतलं गेलं आणि खिशातल्या वजनामुळं लगेच खाली ठेवलं गेलं.

काकू ओट्यावर बसून गव्हाचं पाणी बदलत होत्या. मालक जिलेबीचा पुडा घेऊन त्यांच्यापुढं उभे राहिले.

"अगं, सगळं जग बघितलं त्या पोरानं! अमेरिकेत नाही. जपानात नाही. जर्मनीत, जिथं स्क्रूलासुद्धा स्क्रू लावतात, तिथं नाही! एवढी एवढी डोकी आहेत जगात, एकाला सुचलं नाही. कसं सुचलं नसेल, तूच सांग!"

काकूंनी गव्हातलं पाणी निथळलं.

"तिकडं रोजच येतंय पाणी," त्या म्हणाल्या.